एका लिटरची पैज

रविवार, दिनांक ४ मे २०२५ रोजी सकाळी सात वाजता, बीड जिल्ह्यातील परळी तालुक्यात, सिरसाळा येथे, तेलगावकडे जाणाऱ्या रस्त्याच्या डाव्या हाताला असलेल्या हैदर मिस्तरीच्या पत्र्याच्या शेडसमोर पंच तात्याबा यांनी दोन्ही पक्ष हजर असल्याची खात्री करून घेतली आणि परीक्षेस प्रारंभ केला. परीक्षेचा विषय पेट्रोल हा होता. पणाला लागलेली वस्तू मात्र वेगळी होती. ज्या शेडसमोर ही मंडळी उभी होती, ती शेडच पणाला लागली होती.

वादाचे मूळ सांगितल्यावाचून परीक्षा समजणार नाही. अंगदराव हे गावचे माजी सरपंच. रस्त्यालगतची बरीचशी जमीन त्यांची. त्यांचे मेहुणे रामप्रसाद यांनी मागील दिवाळीत गावाबाहेर पेट्रोल पंप काढला आणि त्यावर दोन नळ्या बसवल्या. एकीतून साधे पेट्रोल येई, दुसरीतून लिटरमागे आठ रुपये महाग असलेले, अधिक ऑक्टेनचे. पंपावर मोठ्या अक्षरांची पाटी लागली : ‘आपल्या लाडक्या गाडीला साधे का पाजता?’ गाडी उभी राहताच पंपावरचा नोकर ‘साधं का भारी?’ असे अशा सुरात विचारी, की ‘साधं’ म्हणणाऱ्याला आपण चारचौघांत काही कबूल केल्यासारखे वाटावे. चार महिन्यांत निम्मा गाव भारी पेट्रोल भरू लागला.

हैदरला हे पाहवले नाही. तो चाळिशीचा, हाताचा सच्चा आणि जिभेचा वाईट. दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक दुचाकीस्वाराला तो ऐकवू लागला, “ऑक्टेन म्हंजी ताकद न्हाई बाबा, धीर हाय. दाबाखाली साधं पेट्रोल ठिणगीच्या आधीच पेटतं, भारी पेट्रोल ठिणगीची वाट बघतं. ज्या इंजनात दाब लई, तिथं त्या धीराचं मोल. आपल्या शंभर सीसीच्या फटफटीत दाबच न्हाई, तर वाट कुणाची बघायची? आठ रुपयं कावून घालवता?”

लोकांना हे पटले. पटले त्याचे कारण हैदरचे शास्त्र हे नसून आठ रुपये हे असावे. पण पटले खरे. रामप्रसाद यांच्या दुसऱ्या नळीपुढची रांग मोडली.

तेव्हा, एप्रिलच्या तेवीस तारखेला, अंगदराव आपल्या वडिलांच्या जुन्या मोटारसायकलवर बसून शेडवर आले. आठ-दहा माणसे बाकावर बसलेली होती. गाडी बंद न करताच ते म्हणाले,

“हैदर, तू माझ्या मेहुण्याच्या पोटावर पाय देतोस म्हनं.”

“पोटावर न्हाई, अंगदराव. दुसऱ्या नळीवर.”

बाकावर कोणीतरी हसले. अंगदरावांनी तिकडे पाहिले आणि हसणारा चहाच्या पेल्यात शिरला.

“ही गाडी साध्यावर चढाला टकटक करती. पाच वर्षं तुला सांगतोय. पाच वर्षं तू म्हनतोस, टॅपेट. टॅपेट आवळलं, आवाज हाय. सैल केलं, आवाज हाय. दिवाळीला भारी टाकलं, आवाज गेला. आता सांग, मी बहिरा का तू आंधळा?”

“व्हॉल्व्हच्या टॅपेटचाच आवाज हाय.”

“मग भारी टाकल्यावर टॅपेट झोपी जातंय का बे?”

ज्याच्यापाशी उत्तर नसते त्याने गप्प बसावे, हा नियम त्याने उभ्या आयुष्यात पाळला नव्हता. तो म्हणाला, “म्हातारी गाडी हाय. तिला भारी पेट्रोल म्हंजी गाढवाला गुळाची चव.”

“माझ्या बापाच्या गाडीला गाढव म्हनतोस?”

“गाडीला न्हाई म्हनलो.”

आता सगळा बाक हसला. अंगदरावांचा चेहरा काळवंडला. ती गाडी त्यांचे वडील आप्पा यांची होती. आप्पा जाऊन नऊ वर्षे झाली. घरात चारचाकी उभी असताना अंगदराव गावातली कामे याच गाडीवरून करीत, कारण तिच्यावर बसले की वयस्कर माणसे अजूनही हात वर करीत. ते गाडीवरून उतरले, स्टँड लावले आणि बोट पत्र्यांकडे करून म्हणाले,

“बाटली लाव. साधं एक लिटर, भारी एक लिटर. भारी जादा न्हाई गेलं तर ही जागा तुला अकरा वर्षांच्या कागदानं देतो. गेलं, तर हे पत्रे उचलायचे. गावदेखत बोलतोय.”

या बोलण्याचे वजन बाकावरच्या प्रत्येकाला ठाऊक होते. एकतीस वर्षांपूर्वी आप्पांनी ती दहा बाय पंधराची जागा हैदरचा बाप मुजाहिद मिस्तरी याला तोंडी दिली होती. भाडे नव्हते, कागदही नव्हता. आप्पांची गाडी मुजाहिदने फुकट सांभाळावी, एवढाच करार. दोघेही करार करणारे आता नव्हते. उरली होती ती जागा आणि ती गाडी. गावात रस्त्यावरची दुसरी जागा हैदरच्या आवाक्यातली नव्हती. शेड गेली तर त्याने पाने-पकडी पिशवीत भरून दुसऱ्याच्या गॅरेजात रोजाने जावे, याखेरीज मार्ग नव्हता.

“किती जादा?” हैदरने विचारले. “शे-दोनशे मीटर जादा गेलं म्हंजी जिंकलं, असं न्हाई चालणार. आठ रुपयं भरून निघाले पायजेत.”

“किती पायजे ते तूच बोल.”

हैदरने तिथल्या तिथे हिशेब केला. “चार किलोमीटर.”

“चार. आन गाडी कोणची? रामप्रसादची नवी घे, पायजे तर.”

इथे हैदरने ती चूक केली, जी दुसऱ्या कोणा मिस्तरीने केली नसती. दुसऱ्याने नवी, न उघडलेली, कंपनीतून आली तशी असलेली गाडी मागितली असती. हैदरने अंगदरावांच्या गाडीच्या सीटवर थाप मारली.

“हीच. माझ्या अब्बांच्या हाताखालची हाय. हिचा नट न नट मला ठावा हाय. बाकीच्या गाडीत उद्या तुमी म्हनताल, मिस्तरीनं काईतरी केलं. हीच गाडी.”

पंच म्हणून तात्याबांचे नाव दोघांच्याही तोंडून एकदमच निघाले. तात्याबा बहात्तर वर्षांचे, एस.टी.च्या कार्यशाळेत फोरमन म्हणून चौतीस वर्षे काढून घरी बसलेले. त्यांच्याविषयी गावात प्रेम कोणालाच नव्हते. पण त्यांनी मोजलेले पुन्हा मोजावे लागत नाही, हे सर्वांना मान्य होते.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी हैदरची आई शहजादी भाकरी थापता थापता म्हणाली, “अब्बांची गाडी निवडलीस, बरं केलंस. त्यांनी बसवलेलं हेड कुणाच्या बापाला पुन्हा उघडावं लागलं न्हाई.”

हे अक्षरशः खरे होते. मुजाहिद दोन हजार चौदात गेला, आणि त्यानंतर हैदरने त्या गाडीचे तेल बदलले, प्लग बदलले, क्लचची तार बदलली; इंजिनाचे हेड, म्हणजे सिलिंडरवरचे झाकण, मात्र एकदाही उघडले नव्हते. नट न नट ठाऊक असल्याचा त्याचा दावा त्या हेडच्या चार नटांपाशी थांबत होता, आणि हे त्याच्या ध्यानात आलेले नव्हते.

तर सकाळी सात वाजता तात्याबांनी आपल्या हाताने टाकी रिकामी केली, कार्बोरेटरमधला थेंबही काढून टाकला आणि घरून आणलेल्या पितळी मापाने एक लिटर साधे पेट्रोल मोजून प्लॅस्टिकच्या बाटलीत ओतले. बाटली हँडलला बांधली. तिच्या बुडाशी सलाइनची नळी जोडून तिचे दुसरे टोक कार्बोरेटरला दिले. गाड्यांचा अॅव्हरेज काढण्याची ही रीत या भागात सर्वांच्या परिचयाची आहे. तीत फसवायला वाव नसतो, कारण पेट्रोल सगळ्यांच्या डोळ्यांदेखत उतरत जाते.

चालवायला रामेश्वर होता. डेअरीचे दूध गोळा करणारा हा माणूस त्या रस्त्याने रोज दोनदा जाई. दहा किलोमीटर तेलगावच्या दिशेने, तिथून परत, पुन्हा जायचे, असे पेट्रोल संपेपर्यंत, वेग चाळीस, मागून दुसऱ्या गाडीवर तात्याबा.

“रामेश्वर,” रामप्रसाद म्हणाले, “भारी घातल्यावर आवरून धर बरं. उडशील.”

“उडल तुझी पाटी,” हैदर म्हणाला.

“तोंडं मिटा,” तात्याबा म्हणाले. “मोजताना मला माणसाचा आवाज चालत न्हाई.”

साध्या पेट्रोलवर गाडी त्रेचाळीस किलोमीटर सहाशे मीटर गेली. गाडी जिथे थांबली तिथे तात्याबांनी रस्त्यावर चुन्याची रेघ ओढली. चढावर ती टकटकत होती, हे मागून येणाऱ्या तात्याबांनी ऐकले. पण त्यांनी ते कोणाला सांगितले नाही.

दुसरी फेरी नऊला सुरू झाली. ऊन चढले होते. उष्णतेने इंजिनाचा त्रास वाढतो, तेव्हा या क्रमाचा लाभ झालाच तर साध्या पेट्रोलला व्हावा, अशी अट हैदरनेच घातली होती आणि अंगदरावांनी ती तुच्छतेने मान्य केली होती. साडेदहाला रामेश्वर परतला तो तात्याबांच्या मागे बसून. गाडी पुढे रस्त्यावर बंद पडली होती; दोन पोरे बाटलीत पेट्रोल घेऊन ती आणायला गेली. तात्याबांनी खिशातून कागद काढला.

“एकोणपन्नास किलोमीटर, आठशे मीटर.”

सहा किलोमीटर दोनशे मीटर जादा. चार हवे होते.

रामप्रसाद यांनी पेढ्यांचा पुडा आधीच आणून ठेवला होता. तो सोडून त्यांनी पहिला पेढा हैदरच्या टेबलावर, ग्रीसच्या डब्याशेजारी ठेवला. “घे मिस्तरी. गाढवाला पेढ्याची चव कळती का बघू.”

अंगदराव हसले नाहीत. त्यांनी शेडच्या खांबावर हात ठेवून तो हलवून पाहिला. “आठ बोल्ट दिसतेत. पाने हायतच तुझ्याकडं. कधी सोडतोस?”

हैदरने पेढा ग्रीसच्या डब्यामागे सारला. “हे होऊच शकत न्हाई,” तो म्हणाला. “शंभर सीसीच्या गाडीत हा फरक पडूच शकत न्हाई.”

“पडला की! का तात्याबानं चुना खोटा ओढला?”

“मी चुन्याचं न्हाई बोलत. मी इंजनाचं बोलतोय. एवढा फरक इंजनात काई बिघाड असल्याबिगर पडत न्हाई.”

“आता बिघाड! पाच वर्षं टॅपेट, आज बिघाड. हरल्यावर तुमचं शास्त्र बदलतं का बे?”

“तुमच्या बुद्धीपेक्षा लवकर बदलतं.”

अंगदराव दोन पावले पुढे आले, हैदरने टेबलावरचा पाना उचलला. तात्याबांनी काठीने पत्र्यावर एक दणका दिला. त्या आवाजाने दोघेही थबकले.

“रामेश्वर,” तात्याबा म्हणाले, “तुझी गाडी ह्याच कंपनीची, ह्याच मॉडेलची ना? आण हिकडं. तिच्यावर दोन्ही पेट्रोलं लावायची.”

“हे पैजेत न्हवतं!” अंगदराव म्हणाले.

“पैज तुमची. समजून घ्यायचं काम माझं. मला पंच केलं तर मला पुरतं बघू द्या. न्हाईतर माप उचलतो, चाललो घरी. मग फोडा एकमेकांची डोकी.”

दोन फेऱ्या आणखी झाल्या. दुपारचे दोन वाजले. बघ्यांपैकी निम्मे जेवायला गेले आणि जेवून परत आले. रामेश्वरच्या गाडीने साध्यावर बावन्न किलोमीटर चारशे मीटर कापले. भारीवर बावन्न किलोमीटर पाचशे. फरक शंभर मीटरचा, म्हणजे एवढ्या रस्त्यात नसल्यासारखाच.

आता रामप्रसाद यांनी पेढ्यांचा पुडा बांधून ठेवला.

“ऐकलं?” हैदर ओरडला. “ऐकलं का सगळ्यांनी? शंभर मीटर! लिटरला आठ रुपयं देऊन शंभर मीटर!”

“तुझी पैज रामेश्वरच्या गाडीवर न्हवती,” अंगदराव म्हणाले. “माझ्या गाडीवर होती. आन माझ्या गाडीत बिघाड असंल तर तो केला कुणी? एकतीस वर्षं ती तुमच्याच शेडीत येती. उद्या तूच इंजन बिघडवशील आन म्हनशील पैज रद्द, तर ती रद्द का?”

हा आक्षेप कुत्सित असला तरी तर्काला धरून होता, आणि तात्याबांनी तो तसाच तोलला. ते म्हणाले,

“हेड उघडायचं. आदी माझं ऐका. आत काई फेरफार सापडला आन तो बाहेरच्या कुणी केलेला असला, हैदरच्या माघारी, तर पैज रद्द. कारण त्याला म्हायती न्हवतं. पन फेरफार ह्याच शेडीतला असला, तर पैज कायम. कारण गाडी ह्यानंच निवडली, नट न नट ठावा हाय म्हनून. कबूल?”

“कबूल,” अंगदराव म्हणाले.

“कबूल,” हैदर म्हणाला, आणि त्याच्या आवाजात सकाळपासून पहिल्यांदाच उभारी आली. बापाचे काम त्याला ठाऊक होते. बिघाड असलाच तर तो दुसऱ्याचाच असणार.

गाडी एव्हाना थंड झाली होती. हैदरने चार नट सोडले, हेड हलके हलवून सुटे केले, उलटे केले आणि कापडाने काजळी पुसली. तात्याबांनी ते त्याच्या हातातून घेतले. शेडच्या फळीवर भंगारात त्याच मॉडेलचे एक निकामी हेड पडलेले होते. तेही त्यांनी मागून घेतले, आणि फडक्यात गुंडाळलेला व्हर्नियर काढून दोन्ही हेडांची जाडी आळीपाळीने मोजली. दोनदा मोजली.

“अंगदाच्या गाडीचं हेड दीड मिलिमीटर कमी हाय,” ते म्हणाले. “घासलेलं हाय. हेड घासलं की वरची जागा कमी होती, पेट्रोल जादा दाबलं जातं. वर काजळी साचत गेली, तसा दाब आनखी वाढला. दाब वाढला की साधं पेट्रोल ठिणगीआधी पेटतं. तीच टकटक. टॅपेट न्हाई. हैदर, तू पाच वर्षं चुकीचा आवाज ऐकलास.”

हैदर हेडच्या कडेकडे पाहत होता. तिथे, इंजिन थंड राखणाऱ्या दोन पाकळ्यांच्या मधल्या खोबणीत, लोखंडी टोच्याने मारलेली तीन बारीक टिंबे होती, एका ओळीत, सारख्या अंतरावर.

मुजाहिद मिस्तरीची एक सवय होती. वाकलेले हेड तो आरशाच्या काचेवर काचपेपर अंथरून हाताने घाशी, सपाट होईपर्यंत. आणि दर घासणीला कडेला एक टिंब मारी. पुढल्या वेळी हेड हाती आले की किती धातू गेला आणि किती उरला, हे त्याला त्या टिंबांवरून कळे. ही खूण त्याने मुलाखेरीज कोणाला सांगितली नव्हती. शेडमध्ये उभ्या असलेल्या वीस माणसांत ती वाचणारा एकच होता.

“कुणी घासलं हे?” तात्याबांनी विचारले.

हैदर टिंबे मोजत राहिला. आणि तेव्हा अंगदरावांनीच, रागाच्या भरात, त्याच्यासाठी दार सताड उघडले.

“कोन घासणार? दोन हजार एकोणीसला ह्या भाड्याशी भांडून मी गाडी परळीला दिलती. दोन महिने तिथं पडून होती. त्या परळीच्या चोरानंच घासलं असंल! कशाकशाचे पैसे लावले त्यानं, मला काय कळतंय! त्यातच हेडबी घासून लावलं असंल. एवढं घाणेरडं काम दुसरं कोन करणार? बघा की, निम्मं हेड खाऊन टाकलं भोसडीच्यानं. असल्या मिस्तरीचे हात तोडले पायजेत.”

बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आले. बाहेरच्याने घासले म्हणजे पैज रद्द. रामप्रसाद यांनी त्यांच्या दंडाला धरले, पण शब्द गेला होता. तात्याबांनी हैदरकडे मान वळवली.

“बोल. परळीच्यानं घासलं का?”

‘हो’ एवढे एकच अक्षर पुरे होते. परळीचा मिस्तरी तिथे नव्हता. त्याने त्या गाडीच्या क्लचप्लेटा बदलल्या होत्या, एवढेच हैदरला माहीत होते. पण ते दुसऱ्या कोणाला माहीत नव्हते. शेड वाचत होती. त्याने हेड तात्याबांच्या हातून परत घेतले, त्याची सपाट बाजू उन्हाकडे धरली, आणि त्यावर अंगठा फिरवला.

“घाणेरडं काम म्हनलात?” तो अंगदरावांना म्हणाला. त्याचा आवाज खाली आला होता. “परळीच्या मिस्तरीच्या बापाला हे काम जमणार न्हाई. तुमी पट्टी ठेवून बघा हिच्यावर. कुठूनबी ठेवा. केस जाईल एवढी फट सापडली तर माझा हात तोडा. यंत्रावर न्हाई, हातानं घासलंय हे. माझ्या अब्बांनी घासलंय. हे बघा, तीन टिंबं. एका घासणीला एक. तीन वेळा हेड वाकलं, तीन वेळा त्यांनी सरळ केलं.”

“म्हंजी तुझ्या बापानं माझ्या बापाची गाडी…”

“कावून घासलं ते बी ऐका! तिन्ही वेळा अब्बा आप्पांना म्हनले, नवं हेड आणा, पुण्यावरून मागवू. मी इथं पाना धरून उभा होतो. तुमचे आप्पा, रस्त्याला चाळीस एकर, काय म्हनले ठावं हाय? ‘घास की मुजाहिद, तुझी काच काय झिजती का?’ तिन्ही वेळा हेच. काच न्हाई झिजली, अंगदराव. अब्बांच्या बोटांची कातडी झिजली. आन त्यांच्या कामाला तुमी चोरी म्हनता!”

“माझ्या बापाला चिक्कू म्हनतोस, त्याच्याच जागेवर उभा राहून?”

“म्हनतो. चिक्कू होतेच ते.”

अंगदरावांनी त्याची गचांडी धरली. रामेश्वर आणि आणखी दोघे मध्ये पडले. ओढाओढीत फळीवरचे डबे खाली आले, नटबोल्ट रस्त्यापर्यंत घरंगळत गेले, आणि रामप्रसाद यांचा पेढ्यांचा पुडा पायांखाली तुडवला गेला. हैदरने या सगळ्या गडबडीत हेड छातीशी धरून ठेवले होते. ते त्याने खाली पडू दिले नाही.

दोघांना वेगळे केल्यावर तात्याबांनी आपले माप पुसले, व्हर्नियर फडक्यात गुंडाळला आणि सगळे सामान पिशवीत भरले. मगच ते बोलले.

“हैदर, पुन्हा एकदा इचारतो, मागून कुरकुर नको. हे हेड ह्याच शेडीत घासलं?”

“ह्याच शेडीत. ह्याच टेबलावर.”

“तुला म्हायती न्हवतं?”

“घासलं ते ठावं होतं. सगळं मिळून एवढं गेलंय हे ध्यानात न्हवतं. उघडून बघितलं असतं तर कळलं असतं. अब्बांनी बसवलं होतं, म्हनून उघडलं न्हाई.”

“मिस्तरीनं उघडून बघायचं असतं. बाप असला तरी.” तात्याबा अंगदरावांकडे वळले. “अंगदा, तू आताच सगळ्यांदेखत परळीच्याचं नाव घेतलंस. ह्यानं नुसतं ‘हो’ म्हनलं असतं तर पैज रद्द झाली असती, तुझी जीत गेली असती. ते बघून पैजेचा शब्द मागं घेतोस का? एकदाच इचारतो.”

अंगदरावांनी शर्टाचे तुटलेले बटण खाली शोधले. ते सापडेना. त्यांनी हैदरकडे पाहिले, त्याच्या हातातल्या हेडकडे पाहिले, आणि तोंड फिरवले.

“माझ्या बापाला चिक्कू म्हनला तो. न्हाई.”

“ठीक हाय. मग ऐका सगळे. रामेश्वरच्या गाडीसारखी जी कोणची गाडी गावात धड हाय, तिला भारी पेट्रोल टाकणं म्हंजी लिटरमागं आठ रुपयं रस्त्यावर सांडणं. रामप्रसाद, तुला हिंमत असली तर हे तुझ्या पाटीखाली लिहून लाव. तेवढ्यापुरतं हैदरचं खरं हाय. पन पैज ह्या गाडीवर लागली. गाडी हैदरनं निवडली, हेड ह्याच शेडीत घासलं, आन त्यामुळं भारी पेट्रोल सहा किलोमीटर जादा गेलं. चार पायजे होते. हैदर हरला. आठ दिवसांत शेड उचलावी.”